समाजमंदिरातला दुसरा दिवस

पारडटोल्यात दारू सोडवायची एकच तऱ्हा होती आणि ती नागसेनच्या नावावर होती. माणसाला समाजमंदिरात घालायचं, बाहेरून कुलूप लावायचं, तीन दिवस पाणी, पेज आणि शिव्या द्यायच्या, चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ घालून बाहेर काढायचं. नागसेन असाच सुटला होता. चौदा महिने झाले, थेंब शिवला नव्हता. दारूबंदीच्या महिला समित्या चामोर्शी तालुक्यात गावोगावी होत्या, पण असा बिनगोळीचा आणि हमखास इलाज फक्त पारडटोल्याच्या समितीकडे आहे, असं पारडटोल्याचं म्हणणं होतं. त्या समितीची अध्यक्ष नागसेनची बायको संघप्रिया. म्हणजे वैद्यही घरचा आणि रोगीही घरचाच.

आता त्याच समाजमंदिरात पत्रू कोंडलेला होता. शुक्रवारची सकाळ, म्हणजे त्याचा दुसरा दिवस. कुलपाची चावी मोठ्या विश्वासानं नागसेनकडे दिलेली होती, ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि त्याचे पाय काही तिकडे वळत नव्हते. कारण तो इलाज खोटा आहे हे अख्ख्या गावात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो स्वतः आणि दुसरा पत्रू.

हे समजायचं तर आधी नदी समजून घ्यावी लागेल. वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. अलीकडे त्र्याण्णव सालापासून दारूबंदी. पलीकडेही मधली सहा वर्षं होती, ती एकवीस साली उठली. तेव्हापासून पोंभुर्ण्याकडच्या काठावर जी बाटली पाटी लावलेल्या दुकानात सरकारला कर भरून विकली जाते, तीच बाटली डोंग्यात बसून अर्धी नदी ओलांडते तेव्हा गुन्हा होते. नेमकी कोणत्या पाण्यात ती गुन्हा होते, हे वैनगंगेतल्या माशाला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. नागसेन आणि पत्रूला मात्र ते हातभर अंतरानं ठाऊक होतं, कारण दोन वर्षं दोघांनी तोच धंदा केला. डोंगा पत्रूचा, वल्हं पत्रूचं, डोकं नागसेनचं. दारूच्या धंद्यात न पिणारे असतात, ते घर बांधतात. हे दोघं त्यातले नव्हते.

मग एकदा धाड पडली. नागसेन खोक्यांसकट काठावर सापडला, पत्रू डोंग्यासकट पाण्यात निसटला. नागसेननं त्याचं नाव घेतलं नाही. जामीन झाला, खटला तारखेवर तारीख घेत पडून राहिला, आणि नागसेन आणखी जोरात प्यायला लागला. शेवटी एका सकाळी संघप्रियानं समितीच्या दहा बाया आणल्या, त्याला धरून समाजमंदिरात लोटलं आणि कुलूप लावलं. तीन दिवसांनी तो बाहेर आला तेव्हा हात स्थिर होते, डोळे स्वच्छ होते. बायांनी टाळ्या वाजवल्या. संघप्रिया लग्नातही रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली.

गावाला एवढंच माहीत होतं. खरं असं झालं होतं की पहिल्याच संध्याकाळी समाजमंदिराच्या मागच्या खिडकीशी पत्रू आला होता. त्या खिडकीचे गज इतके जवळ की बाटली आत जात नव्हती. पत्रूनं आपल्या पोरीच्या, करिश्माच्या, शाळेच्या पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण आणलं होतं. पेल्यासारखं, चार घोट मावतील एवढं. ते आडवं धरलं की सांडतं, म्हणून तिरकं करून, बोटांनी तोलून, गजांतून त्यानं ते आत दिलं होतं.

"एकदम तोडायची नाई बे," तो म्हणाला होता. "माहा बाप एकदम तोडूनच मेला. मुंग्या दिसल्या, झटके आले, गेला. दारू उतरवा लागते, पूर उतरते तशी."

पहिल्या दिवशी दहा झाकणं. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी चार. बाहेर आल्यावरही आठ-नऊ दिवस विहारामागं, बाभळीखाली, दोन, मग एक, मग अर्धं. तेराव्या दिवशी पत्रूनं झाकण नदीत धुतलं, ते नागसेनच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "झालं. आता हे ठेव. मी काई सुटत नाई, पन तू सुटला." हे म्हणताना तो स्वतः झिंगलेला होता.

नागसेननं कोणाला सांगितलं नाही. आधी लाज म्हणून, मग उशीर झाला म्हणून, आणि पुढं तर त्याचं नावच झालं. शेजारच्या गावांच्या समित्या त्याला बोलवू लागल्या. शाल मिळू लागली. सभेत तो उभा राहून सांगायचा, "पहिला दिवस सोपा असते. दुसरा दिवस लय खराब. दुसऱ्या दिवशी कोंडलेला मानूस रडन, पाया पडन, मरून रायलो म्हनन. त्याचे दोस्त येतीन, सोडा म्हनतीन. आयकू नका. कुलूप खोलू नका. मले भिंतीतून साप निघताना दिसले होते, पन माह्या बायकोनं कुलूप नाई खोललं, म्हून मी आज उभा हावो." साप त्यानं मनानं काढले होते. लोकांना ते फार आवडायचे, म्हणून पुढच्या गावात एकाचे दोन झाले. संध्याकाळी घरी वंदना घेताना पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, तो इतक्या जोरात म्हणे की शेजारचा कुत्रा भुंके. त्याच्या आधीचं चौथं, खोटं न बोलण्याचं, मात्र ओठातल्या ओठात जायचं. संघप्रियाला वाटे, माणसाला खोकला झाला असेल.

त्यानंतर समितीनं दोघांना कोंडलं. ते बाजारापुरतं, सणापुरतं पिणारे होते, त्यांना काय होणार. तिसरा हा पत्रू. मार्कंड्याची जत्रा आटोपली तेव्हा त्याची बायको करिश्माला घेऊन माहेरी निघून गेली. चार दिवस पत्रू नुसता पीत राहिला आणि गुरुवारी सकाळी स्वतःच्या पायानं, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून समितीसमोर आला. "मले भी कोंडा. नागसेन सुटला तं मी काऊन नाई?" बायांना भरून आलं. आत शिरताना तो नागसेनच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तू बाहेर हायेस ना? बस मंग." नागसेननं मान हलवली होती.

त्या मान हलवण्याचा नागसेन आता विचार करत होता. गुरुवारी दिवसभर त्यानं खिडकीतून लिंबूपाणी दिलं. स्वतःला समजावलं, की पत्रू काटक आहे, निभावून नेईल. खरी गोष्ट अशी की त्याला बाटलीची भीती वाटत होती. हातात घेतली तर सुटेल का, ही एक. पकडलो तर जुन्या खटल्यावर नवा, ही दुसरी. आणि संघप्रियाला कळलं तर, ही सगळ्यांत मोठी. शेवटी तो उठला आणि समाजमंदिरामागं गेला.

पत्रू भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते, मोकळे सोडले की ते उडत होते.

"आनलं काय?" त्यानं विचारलं.

"लिंबूपानी आनलं."

"मस्करी नोको करू बे. काल म्या म्हनलं, दिवसा बाया असतात, राती आनशीन. राती भी नाई आला."

"पत्रू, तू बिना त्याचा सुटशीन. तुही तब्येत माह्याहून चांगली हाये."

पत्रू यावर हसला, पण हसता हसता त्याचे दात एकमेकांवर वाजू लागले. मग तो समोर पाहत राहिला. "त्या भिंतीवर मुंग्या चढून रायल्या काय रे?"

भिंतीला जत्रेआधीच चुना दिला होता. पांढरी, कोरी भिंत.

"नाई," नागसेन म्हणाला.

"मंग मलेच दिसून रायल्या. बापाले भी दिसे." हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. "मी तुह्या भरोशावर आत आलो, नागसेन. बायाच्या भरोशावर नाई."

नागसेन तिथून निघाला तो सरळ घरी. संघप्रिया ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होती.

"पत्रूले दवाखान्यात नेलं तं?" त्यानं विचारलं.

"काऊन? काय झालं?"

"थरथरून रायला. मुंग्या दिसतात म्हनते."

"तुमाले तं साप दिसले होते." तिचे हात थांबले नाहीत. "तुमी गेले होते काय दवाखान्यात?"

"संघप्रिया, माहं अलग होतं."

"काय अलग होतं?"

तिनं मान वर केली. अकरा वर्षं ही बाई नवऱ्याकडे गळक्या मडक्याकडे पाहावं तशी पाहत आली होती. गेले चौदा महिने तिची नजर बदलली होती. सभेत तो बोलायला उभा राहिला की ती पदर नीट करून बसायची. त्याला बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं. पण ती नजर परत पहिल्यासारखी झालेली आपल्याला सोसणार नाही, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

"काई नाई," तो म्हणाला. "माही तब्येत अलग होती."

"दुसरा दिवस असाच असते," ती म्हणाली आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली.

पत्रूची म्हातारी आई, धुरपताबाई, समाजमंदिराच्या पायरीवर पेजेचं भांडं घेऊन बसली होती. नागसेननं तिलाही विचारून पाहिलं.

"नोको बाबू," ती म्हणाली. "दिवाळीत शेजारचा सुनिल पिऊन पडला, दवाखान्यात नेलं तं मांगून पोलीस आले. कोनी देल्ली, कुठून आली, असं इचारू इचारू त्याच्या बापालेच नेलं. माह्या घरी डोंगा हाये. तो जप्त करून नेतीन, मंग खाऊ काय? तू सुटला ना तीन दिवसांत? माहा भी सुटन."

आपल्याकडे कायदा कसा बसवला आहे पाहा. साप चावलेला माणूस दवाखान्यात धावत जातो. दारू चावलेला माणूस दवाखान्यालाच भितो, आणि त्याची आई त्याच्यापेक्षा जास्त भिते. पोलिसांनी त्यांचं काम केलं, डॉक्टरनं डॉक्टरचं, समितीनं समितीचं. कोणी वाईट नव्हतं. वाईट कोणीच नसताना माणूस मरू शकतो, हे पारडटोल्याला अजून शिकायचं होतं.

फोन करायचं नागसेनच्या मनात आलं नाही असं नाही. उपकेंद्राच्या नर्सबाईंचा, रश्मीताईंचा, नंबर त्याच्याकडे होता. पण त्या येणार, म्हणजे विचारणार, तुम्ही कसे सुटलात. स्वतः कुलूप उघडून पत्रूला बाहेर काढलं तरी गाव तेच विचारणार. मग सगळं उघडं पडणार. भ्यालेल्या माणसाला जवळचा रस्ता दिसत नाही, ओळखीचा दिसतो. आणि नागसेनच्या ओळखीचा रस्ता एकच होता, नदीचा. त्यानं घरातल्या पेटीतून, कपड्यांच्या तळातून, ते निळं झाकण काढलं, खिशात टाकलं आणि घाटावर जाऊन पत्रूचा डोंगा सोडला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी बारीक झाली होती. पलीकडच्या गावात पिंपळाच्या पारासमोर ते दुकान होतं, वर शासनमान्य म्हणून पाटी. दुकानदारानं लगेच ओळखलं.

"गंज दिवसांनी, नागसेनभाऊ. सोडली म्हून आयकलं होतं."

"माह्यासाठी नाई. दुसऱ्यासाठी नेऊन रायलो."

"हो, सारेच दुसऱ्यासाठी नेतात," दुकानदार म्हणाला आणि देशीचा पव्वा जाळीतून पुढं सरकवला.

परतताना मधल्या धारेत नागसेननं वल्हं थांबवलं. पव्वा दोन्ही पायांच्या मधे उभा होता. ऊन त्याच्या आरपार जात होतं. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःची किळस आली. त्यानं पाचवं शील म्हटलं, जोरात, नदीत ऐकायला कोणी नसताना. मग, कसं कोण जाणे, चौथंही म्हटलं. आणि वल्हं मारलं. तो प्यायला नाही. सीलसुद्धा तोडलं नाही. हे इथं ठासून सांगतो, कारण पुढं ते कोणी मानलं नाही.

घाटावर केसरबाई उभी होती. समितीतली सगळ्यांत जुनी, दारूपायी नवरा आणि एक दीर गेलेली बाई. तिच्यासोबत आणखी तिघी. जत्रेनंतर आठ दिवस घाटावर पहारा ठेवायचा, हा समितीचा नियम. तो नियम सुचवणारा नागसेनच. पण पत्रूच्या नादात तो ते साफ विसरला होता.

"डोंगा पत्रूचा आन वल्हवून रायले तुमी," केसरबाई म्हणाली. "कंबरेले काय हाये, नागसेनभाऊ?"

पव्वा निघाला. बायांपैकी एकीनं तोंडावर हात ठेवला. केसरबाईनं तो उन्हात धरला, फिरवून पाहिला.

"सील नाई तोडलं. म्हंजे प्याले नाई, विकाले आनला. फुटलं असतं तं म्हनलं असतं, बिचाऱ्याचा तोल गेला."

तेव्हा नागसेननं सांगितलं. सगळं सांगितलं. निळं झाकण, दहा, सात, चार, बाभळीखालचे दिवस, पत्रूचा बाप, मुंग्या. एकदम तोडली तर पत्रू मरेल, त्याला उघडा, दवाखान्यात न्या, नाहीतर निदान हे झाकणभर द्या. तो बोलत होता आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा त्याचा प्रत्येक शब्द खरा होता. बाया ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी दया होती जी फक्त खोटारड्या दारुड्यासाठी राखून ठेवलेली असते.

"दुसऱ्या दिवशी कोंडलेल्याचे दोस्त येतीन," केसरबाई हळू म्हणाली. "मरून रायला म्हनतीन. आयकू नका, कुलूप खोलू नका. हे कोनाचं बोलनं हाये?"

"माहं," नागसेन म्हणाला.

"मंग?"

कोणीतरी ठाण्यात फोन केला होता, कोणीतरी संघप्रियाला बोलावून आणलं होतं. ती आली. कोणाशी न बोलता नागसेनच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तिला आणखी कोड्यात पडल्यासारखं झालं. प्यायलेला नवरा तिला समजला असता. जीपमधून आलेल्या हवालदारानं त्याच्याकडे सापडलेल्या वस्तू एका कागदावर मांडल्या. देशीचा पव्वा एक, मोबाईल एक, चावी एक, प्लॅस्टिकचं निळं झाकण एक.

"हे काय हाये?" तिनं झाकणाकडे पाहून विचारलं.

"करिश्माच्या बाटलीचं. यानंच सुटलो मी. कुलपानं नाई." त्यानं कागदावरून समाजमंदिराची चावी उचलून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. "खोल, संघप्रिया. आत्ता जाऊन खोल. माह्यावर भरोसा नोको ठेवू, पन खोल."

ती चावीकडे पाहत राहिली. कोणावर भरोसा ठेवायचा, तर चौदा महिने सभेत बोलणाऱ्या नागसेनवर, की बाटलीसकट धरलेल्या या नागसेनवर? दोघंही तिचाच नवरा. तिनं चावी पदराच्या टोकाला बांधली.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी पाहीन."

जीप समाजमंदिरावरून गेली. मागच्या खिडकीतून पत्रू ओरडत होता, मुंग्या झटका म्हणून. पायरीवर बसलेली धुरपताबाई त्याला लहान पोराला समजवावं तसं समजावत होती, की उद्याचाच दिवस आहे बाबू, उद्याचाच. नागसेननं हवालदाराला गाडी थांबवायला सांगितलं. हवालदार चांगला माणूस होता. तो म्हणाला, "तुमच्याच गावची रीत आहे भाऊ, मी कुठं मधे पडू." रात्रभर ठाण्यातल्या बाकावर बसून नागसेन दिसेल त्याला सांगत राहिला की गावात माणूस मरतो आहे. दारूच्या केसमध्ये आणलेल्या माणसाचं बोलणं रात्री ठाण्यात कोण ऐकतं. पहाटेला त्यानं बोलणं बंद केलं.

शनिवारी दुपारी नोटीस हातात देऊन त्याला सोडलं. काळीपिवळी जीपमधून उतरला तेव्हाच त्याला कळलं, कारण फाट्यावर बसलेल्या कोणीही त्याला हाक मारली नाही.

समाजमंदिर सताड उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं. पत्रूला तालुक्याला चिरफाडीसाठी नेलं होतं. पायरीवर संघप्रिया एकटी बसली होती, कालचीच साडी, पदराच्या टोकाला ती गाठ, रिकामी. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"रातभर इथीच होती मी," ती म्हणाली. "साखरपानी देल्लं. तो म्हने, मरून रायलो बाई. तुमी सांगतलं होतं तसंच म्हने, एकनएक शब्द. म्हून मी..." ती थांबली. "पहाटे आत धाडकन आवाज झाला. खोललं तं हातपाय झाडून रायला होता. तोंडाले फेस. गाडी बोलावली. गाडी आली तवा काई नव्हतं रायलं."

नागसेननं कडीला लटकणाऱ्या कुलपाकडे पाहिलं.

"रश्मीताई आल्या होत्या. म्हने, काल आनला असता तं गोळ्या होत्या आमच्यापाशी. झटके नाई येऊ देत त्या गोळ्या." मग तिनं विचारलं, "दहा काय?"

"पहिल्या दिवशी दहा. दुसऱ्या दिवशी सात."

"मंग चार."

"चार."

तिनं मान हलवली. ती रडली नाही. त्याला वाटलं होतं ती आता पुन्हा पहिल्यासारखं पाहील, पण तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली, ज्या हातानं ती गाठ मारली होती. आपण एका खोट्यानं एक माणूस मारला आणि शेजारच्या या बाईला जिवंत ठेवून मारलं, हे नागसेनला तिथं, त्या पायरीवर, भर दुपारी कळलं. आणि त्यावर करण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

तेवढ्यात विहाराकडून केसरबाई आली. तिचेही डोळे सुजले होते. "दारूनंच खाल्लं त्याले," ती म्हणाली. "पेपरवाला विचारून गेला, म्या तेच सांगतलं. दोन दिवसात कोठून निंगते इतक्या वर्साचं जहर? येत्या सभेत ठराव घेऊ, संघप्रिया. तिनाच्या जागी पाच दिवस." उत्तराची वाट न पाहता ती चटया गोळा करायला पुढं गेली, कारण संध्याकाळी पत्रूला आणायचं होतं आणि लोक बसणार होते.

संघप्रिया बोलणार होती तेव्हाच धुरपताबाई आली. दोन बायांनी धरून आणली होती, तिनं त्यांचे हात सोडवले आणि नागसेनसमोर जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण मान ताठ होती.

"तुमी लय केलं बाबू," ती म्हणाली. "दोन दिवस माहा पोरगा बिना दारूचा रायला. म्या त्याच्या तोंडाचा वास घेतला, काईच वास नव्हता. त्याचा बाप गेला तवा लोक म्हनत, दारूनंच गेला. करिश्माले सांगीन मी, तुहा बाप दारू पिऊन नाई मेला."

सोबतच्या एकीनं तिला पाणी पुढं केलं, तिनं ते बाजूला सारलं.

"एकच सांग मले," धुरपताबाईनं नागसेनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गावात तूच भोगलं हाये ते. तुलेच मालूम असन. तो दुसरा दिवस... लय तरास होते काय रे? लय दुखते काय मानसाले?"

किती सभांमधे, किती गावांत त्यानं त्या दुसऱ्या दिवसाचं वर्णन केलं होतं. सापांसकट. आता या एका बाईला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं. साती झाकणं त्याला आठवली, गजांतून तिरकी होऊन आत येणारी, आणि ती न सांडता धरणारी पत्रूची बोटं.

"मले नाई मालूम, मावशी," तो म्हणाला. "तुह्या पोरानं मले तो दिवस पाहूच नाई देल्ला."

धुरपताबाईला ते समजलं नाही. तिनं संघप्रियाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि तोच प्रश्न परत विचारला.